कुदळ आधी, सायकल नंतर

चोरल, सिमरोल, मानपूर या पट्ट्यातल्या जंगलात सायकलवाल्यांनी वाटा काढाव्यात का, असं इंदुरात चार लोकांत विचारून बघा. लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, जंगल म्हणजे काय जत्रेचं मैदान आहे? आधीच पावसाळ्यात तिंछा-पाताळपाणीच्या धबधब्यांवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते, त्यात आता हेल्मेटं घालून हे आणखी कोण आले? दुसऱ्या तटाचं म्हणणं, पोरं पहाटे पाचला उठून पेडल मारतात, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत बारा-एक वाजवण्यापेक्षा बरंच की. तुमच्या पोटात का दुखतं? दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोन्हीकडचे फक्त सायकलीबद्दल बोलतात. ज्या जमिनीवरून ती जाणार तिची चौकशी कुणी करत नाही.

माझी सगळी नोकरी झाबुआ-धारकडे पाणलोटाच्या कामांत गेली. टेकडीवर वाट दिसली की ती कुठे जाते हे पाहण्याआधी तिच्यावरून पाणी कुठे जाईल हे दिसायला लागतं. खोड आहे, निवृत्तीनंतरही गेली नाही. माझा भाचा माउंटन बायकिंगवाल्यांच्या एका क्लबात आहे. ही मंडळी इतकी वर्षं गुराखी आणि मोळीवाल्यांच्या पायवाटांवरून सायकली हाकत आली. आता त्यांना जंगलात स्वतःची ट्रेल बांधायची आहे, आणि तीही रीतसर परवानगी घेऊन. ‘मावशी, तू तरी आमच्या बाजूने लिही,’ असं त्याने सांगितलं. मी लिहिते आहे, पण हे वाचून तो खूश होईलच याची खात्री देत नाही. कारण माझ्या मते त्यांना परवानगी द्यावी ती आधी वाट राखण्याची, सायकल चालवण्याची नंतर. आणि ती देताना वनखात्याआधी गावाला विचारावं.

आधी जागा काय आहे ते सांगते, कारण इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांना ती धड माहीत नाही. आपल्याकडे गंमत अशी की घरातल्या मुलाला हरिश्चंद्रगडाची वाट ठाऊक असते, राजगडावरच्या सूर्योदयाचा फोटो त्याच्या फोनवर असतो, आणि घरापासून तासाभरावरचा विंध्य मात्र ‘पिकनिक स्पॉट’ एवढाच. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर माळव्याच्या पठारावर बसलंय. खंडव्याच्या रस्त्याने सिमरोल ओलांडलं की हे पठार संपतं आणि निमाडात उतरायला लागतं. जानापाव, पाताळपाणी, काळाकुंड, चोरलचं खोरं, कजलीगढ ही सगळी त्या उतरंडीच्या काठावरची ठिकाणं. खाली बेसॉल्टचा काळा खडक, त्यावर वीतभर मुरूम, आणि जिथे सखल असेल तिथे चिकट काळी माती. साग, धावडा, साज, सालई, खैर, पळस असं पानझडीचं जंगल. उन्हाळ्यात उभं राहून पाहिलं तर आरपार दिसतं, आणि सप्टेंबरात चार हातांवरचं माणूस दिसत नाही.

हे जंगल कधीच निर्मनुष्य नव्हतं. भिल्ल-भिलाला वस्त्यांमधून मार्च-एप्रिलात मोहाला, मग तेंदूपत्त्याला, बाराही महिने सरपणाला आणि गुरांमागे माणसं याच वाटांनी जातात. १८७०च्या दशकात होळकर स्टेट रेल्वेचा घाट बांधला, दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं, तेव्हा सर्वेक्षणवाले आणि मजूर अशाच वाटांनी या दऱ्यांत उतरले असणार. ती मीटरगेज लाइन पाहण्यासारखी आहे, आणि इथे तिचं नाव घेण्याचं कारणही आहे. ती डोंगर सरळ चिरत उतरत नाही, त्याच्या अंगाअंगाने जाते. इंजिनाला सरळ उतार झेपत नाही म्हणून तसं करावं लागलं. जमिनीलाही तो झेपत नाही, एवढंच की ती शिट्टी मारून सांगत नाही.

वाट मोडते ती पाण्याने. पाय, खूर, टायर हे माती मोकळी करतात; ती वाहून नेतं पाणी. जी वाट उताराच्या सरळ रेषेत खाली जाते, ती पहिल्या पावसात ओहोळ होते, दुसऱ्या पावसात घळ. लोक मग घळीच्या कडेने चालतात, कडही ढासळते, आणि तीन-चार पावसाळ्यांत दोन फुटांच्या वाटेची दहा फुटांची जखम होते. हे मी झाबुआच्या उघड्या टेकड्यांवर इतक्यांदा पाहिलं आहे की सांगायचा कंटाळा येतो. चोरलच्या अलीकडे एका उतारावर आता तेच दिसतं. तिथे सायकलवाल्यांचं आवडतं ‘डाउनहिल’ आहे: नाकासमोर खाली, मध्ये दोन दगडी टप्पे. वरच्या टप्प्याखाली सागाच्या एका झाडाची मुळं उघडी पडलीत, मनगटाएवढी. ती सायकलींनी उघडी केली की गुरांनी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ती वाट मुळात चुकीच्या जागी आहे, आणि सायकलींनी तिच्यात भर घातली.

बरोबर वाट कशी काढावी याचं शास्त्र परदेशातल्या ट्रेल बांधणाऱ्यांनी नीट लिहून ठेवलं आहे आणि ते आमच्या पाणलोटाच्या गणिताहून वेगळं नाही. वाट डोंगराच्या समतल रेषेच्या, म्हणजे एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषेच्या, जवळजवळ जावी. तिचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर सोळा टक्के उतरत असेल तर वाट आठपेक्षा कमी. निम्म्याच्या वर गेलं की पाणी वाट ओलांडून खाली जायच्या ऐवजी वाटच धरतं. डोंगर कितीही उभा असला तरी वाटेचा सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आसपास थांबवावा. बाहेरच्या कडेकडे पाचेक टक्के कल ठेवावा, म्हणजे दोन फुटी वाटेला इंच-सव्वा इंच. आणि उतरत्या वाटेला ठरावीक अंतराने चार पावलं चढ द्यावा, की त्या खोलगट जागी पाणी आपसूक बाहेर पडतं. यातलं शेवटचं सायकलवाल्यांनाही फार आवडतं, कारण त्या लाटांवरून सायकल पेडल न मारता उसळत जाते. जमिनीचं हित आणि त्यांची मजा एकाच ठिकाणी येते असं क्वचित होतं, इथे होतं.

भाच्याच्या क्लबाने एका खासगी शेताच्या बांधालगतच्या पडीक टेकाडावर, मालकाला विचारून, सरावाची एक तुकडी बांधायला घेतली होती. मी गेले होते. पोरांकडे फोनवर उतार मोजायचं ॲप होतं. फोन जमिनीवर ठेवायचा, आकडा वाचायचा. मी घरून पाण्याची नळी नेली होती. पाणलोटाच्या कामात ही नळी माहीत नसलेला माणूस सापडणार नाही: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन टोकं दोन खुणा केलेल्या काठ्यांना बांधायची, एक काठी इथे, दुसरी तिथे, आणि पाणी कुठे स्थिरावतं ते वाचायचं. फोन म्हणत होता आठ टक्के, नळीने बारा सांगितलं. कारण साधं आहे, फोन ज्या दगडावर ठेवला त्या दगडाचा उतार सांगतो, दोन ठिकाणांमधला नाही. पोरांनी आधी मान्य केलं नाही. मग वाटेवर वरून दोन बादल्या पाणी ओतलं. ते वाट ओलांडून खाली न जाता वाटेवरूनच सुसाट निघालं आणि खाली उभ्या असलेल्या एकाच्या बुटात शिरलं. तेवढी तुकडी बुजवून पुन्हा वरच्या अंगाने आखली. खणलेली माती कडेला भर घालून वाट रुंद करायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती भर पहिल्या पावसात जाते. पूर्ण वाट डोंगराच्या कापावर यायला हवी, भरावावर नको. हे सांगून कळत नाही, कुदळ मारून हाताला फोड आले की कळतं.

आता जंगलवाद्यांच्या आक्षेपाकडे येते, कारण त्यांचा आक्षेप खोटा नाही. त्यांचा आरोप असा की सायकलीची चाकं पायांपेक्षा जास्त माती उकरतात. यावर प्रत्यक्ष मोजमाप झालेलं आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या मोंटानातल्या डोंगरवाटांवर चालणारे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात सगळ्यांत जास्त माती मोकळी केली ती घोड्यांनी, आणि सायकली चालणाऱ्यांपेक्षा वाईट ठरल्या नाहीत. भाचा हा दाखला सारखा देतो. मी त्याला सांगते की बाबा, मोंटानात काळी माती नाही. आपल्या सखलातली काळी माती ओली झाली की टायरात भरते, चिखलाचा लगदा फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुफाट्यात) अडकून चाक फिरेनासं होतं, आणि सुकली की टायरने पाडलेली ती खाच सिमेंटसारखी उरते. तिथूनच पुढच्या पावसाचं पाणी वाट शोधतं. शिवाय ब्रेक दाबून मागचं चाक घसरवत वळण घ्यायची जी नवशिक्यांची हौस असते, तिने एका सकाळी जेवढी माती निघते तेवढी गुरांच्या आठवडाभराच्या येण्या-जाण्याने निघत नसेल. हे माझं डोळ्यांचं मोजमाप आहे, शास्त्रज्ञाचं नव्हे.

म्हणून माझी पहिली अट पावसाळ्याची. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस पडतो. या काळात आणि त्यानंतर जमीन वाळेपर्यंत सायकल बंद. नेमक्या याच दिवसांत विंध्य हिरवा असतो, धबधबे चालू असतात, आणि इन्स्टाग्रामवर टाकायला व्हिडिओ याच दिवसांतले लागतात, हे मला ठाऊक आहे. तरी बंद. पण क्लब मात्र बंद नाही. भर पावसात रेनकोट घालून, खांद्यावर फावडा-कुदळ घेऊन, पायी वाटेवर जायचं आणि पाणी कुठे तुंबतं, कुठे वाट धरतं, कुठे कड सुटते ते पाहायचं आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. वाटेचं खरं काम या चार महिन्यांतच कळतं. ज्या क्लबातले निम्मे सभासदही जुलैत फावडा घेऊन येणार नाहीत, त्या क्लबाला ऑक्टोबरात चाक फिरवायचा हक्क नाही, असं मी स्पष्ट म्हणते. क्लबात यावर बरीच कुरबूर आहे.

प्राण्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेतच युटाहमधल्या अँटिलोप बेटावर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरणं, बायसन वगैरे माणसाला पाहून पळतात ती चालणाऱ्याला पाहून आणि सायकलस्वाराला पाहून साधारण सारखीच पळतात, असं आढळलं. सायकलवाले हेही तोंडपाठ म्हणतात. त्यातली अर्धी गोष्ट मात्र गाळतात: चालणारा माणूस सकाळभरात पाच-सहा किलोमीटर जातो, सायकलस्वार तेवढ्याच वेळात पंचवीस जातो, म्हणजे तितक्या जास्त प्राण्यांना दचकवतो. शिवाय तो आवाज न करता वळणावर अचानक उगवतो. आपल्या या पट्ट्यात बिबट्या कायमचा आहे, तरस आहे, आणि २०२३च्या उन्हाळ्यात महूच्या आसपास वाघ फिरत होता तेव्हा शहरभर चर्चा होती. पहाट आणि संध्याकाळ हे त्यांचे तास. सायकलवाल्यांचेही तेच लाडके तास. इथे कुणीतरी माघार घ्यायची तर ती सायकलवाल्याने घ्यावी: सूर्य चांगला वर आल्यावर जावं, उन्हं कलायच्या आत बाहेर पडावं, आणि कपाळावर दिवा बांधून रात्रीच्या राइड अजिबात नकोत.

आणि रालामंडल सोडून द्यावं. १९८९ साली अभयारण्य झालेला तो डोंगर जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचाही नाही, वर होळकरांची शिकारगाह, चारी बाजूंनी वसाहती आवळत आलेल्या. शहराला सगळ्यांत जवळचा म्हणून क्लबाच्या नकाशावर तो पहिला येतो. तिथे आणखी एकही वाट नको. यावर माझ्याशी वाद घालायला कुणी येऊ नये.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला बसले तिथे येते. कायदा काय म्हणतो? १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात जमीन फोडणं हा गुन्हा आहे, मग ती शेतीसाठी असो की आणखी कशासाठी. म्हणजे परवानगीशिवाय एक बर्म (वळणावरचा मातीचा उंचवटा) बांधला तरी वनखात्याचा नाकेदार कुदळी जप्त करू शकतो, आणि ते योग्यच होईल. १९८०च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार वनखात्याच्या कार्ययोजनेत असलेल्या इको-टुरिझमच्या सोयी ‘वनेतर उपयोग’ धरल्या जात नाहीत. सायकलवाल्यांना वाटतं हा आपल्यासाठी उघडलेला दरवाजा आहे. मला त्या दरवाजाची भीती वाटते. इको-टुरिझम म्हटलं की आपल्या व्यवस्थेच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं त्यात पायवाट नसते. त्यात कमान असते, तिकीट खिडकी असते, पेव्हर ब्लॉक असतात, झिपलाइन, कँटीन आणि प्लास्टिकचा जिराफ असतो. दोन फुटांच्या मातीच्या वाटेवर कुणाला ठेका मिळत नाही, म्हणून ती कुठल्याच योजनेत बसत नाही.

आणि या सगळ्यात गाव कुठेच नाही. क्लबाचा अर्ज मी वाचला. वनखात्याला उद्देशून होता, नकाशा होता, परदेशातले फोटो होते, ‘युवाशक्ती’ हा शब्दही होता. ज्या तीन वस्त्यांच्या पायवाटा त्या नकाशावर निळ्या रेषेने रंगवल्या होत्या, त्यांची नावं नव्हती. वापरणाऱ्यांना विचारलं का, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘त्यांना काय फरक पडतो?’

पडतो. त्याच वाटेवर मी एका बाईला पाहिलं आहे. डोक्यावर वाळक्या लाकडांची मोळी, तिच्याहून लांब, आडवी. वाट अरुंद, एका अंगाला उतार. समोरून तिघे सायकलस्वार आले. त्यांनी थांबून सायकली उचलल्या, ‘नमस्ते दीदी’ही म्हणाले, पोरं संस्कारी आहेत. पण थांबले ते वाटेतच. ती बाई मोळी सांभाळत उताराच्या अंगाला चार पावलं उतरली, मुरूम सरकला, तिने एका हाताने धावड्याचं खोड धरलं, ते गेल्यावर पुन्हा वर आली. कुणाला काही झालं नाही. पण वाट तिची होती आणि उतरावं तिला लागलं. शिवाय तिची मोळी घेऊन ती नाक्यापाशी पोचेल तेव्हा तिला थांबवून विचारणारे आहेत, ओलं लाकूड तोडलं का म्हणून. लाखभराच्या सायकलवरून येणाऱ्याला त्याच नाक्यावर ‘सर, पाणी आहे ना?’ असं विचारलं जातं. २००६च्या वनाधिकार कायद्याने निस्ताराला, म्हणजे सरपण-चराईसारख्या रोजच्या गरजांसाठी जंगल वापरण्याला, हक्क म्हणून मान्यता दिली, सामुदायिक वनसंपदा राखण्याचा अधिकार गावाला दिला. तिचं तिथे जाणं हक्काचं आहे, आपलं तिथे जाणं हौसेचं. या दोन गोष्टी एका वाटेवर आल्या की आधी कुणी बाजूला व्हायचं, हे ठरलेलं असायला हवं. कागदावर ठरलेलं असावं, आणि वाट बांधतानाही ठरलेलं असावं. म्हणजे दर पन्नास-साठ पावलांवर डोंगराच्या अंगाला कापून थांबायची जागा हवी, आडवी मोळी जाईल एवढी. सायकलवाला त्या खोबणीत शिरेल, बाई सरळ जाईल.

यामुळेच मी म्हणते की अर्ज आधी ग्रामसभेत न्यावा. गाव नाही म्हणालं तर विषय संपला. हो म्हणालं तर वनखात्याकडे जाताना हातात ठराव असेल, आणि तिथल्या अधिकाऱ्यालाही निर्णय घ्यायला बळ येईल. एकट्याने सही करायला कुणालाच नको असतं. तेंदूपत्त्याच्या मोसमात वाट बंद ठेवायची, मोहाच्या झाडाखालून वाट न्यायची नाही (पहाटे वेचणाऱ्या बायकांसाठी तिथे पानं झाडून जागा केलेली असते, चाक गेलं की सगळं मातीत), गुरांना पाणी प्यायला उतरायची जागा तोडायची नाही, हे सगळं त्या सभेत ठरेल. शहरात बसून नकाशावर निळी रेघ ओढताना यातलं एकही सुचत नाही.

परदेशाचे दाखले या बाबतीत जरा जपून घ्यावेत. माउंटन बायकिंगचा जन्मच परवानगीच्या भांडणात झाला. कॅलिफोर्नियातल्या मारिन परगण्यात १९७०च्या दशकात जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन पोरं वणवा विझवण्यासाठी काढलेल्या रस्त्यांवरून खाली सुटायची. पुढे तिथेच बऱ्याच वाटांवर सायकलींना मज्जाव झाला. १९८८ साली सायकलवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली ती या बंदीला उत्तर म्हणून, आणि तिचं सर्वांत मोठं काम ठरलं ते वाट कशी बांधावी हे शिकवण्याचं. हा धडा घेण्यासारखा आहे. पण वेल्समधल्या कोएड-अ-ब्रेनिनसारख्या वनात १९९०च्या दशकात खास सायकलींसाठी वाटा बांधल्या आणि आज लोक लांबून तिथे येतात, हा दाखला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. ते सरकारी लावणीचं जंगल. तिथे सकाळी कुणी मोळीला येत नाही.

आपल्याकडे याहून जवळचा दाखला आहे आणि त्यासाठी विमानात बसावं लागत नाही. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर भिल्ल समाजाची माणसं हलमा करून, म्हणजे गावोगावाहून एकत्र येऊन मजुरी न घेता, समतल चर खणतात. हातात गैंती-फावडं, डोक्यावर तगारी, बायका-पुरुष सारखेच. शहरातला सायकल क्लब तिथे एक दिवस पाहुणा म्हणून गेला तरी त्याला वाट, पाणी आणि माणसं यांचं नातं कळेल. नुसता फोटो काढून परत येणार असतील तर जाऊ नये.

एक भीती वनखात्याची खरी आहे: आज सायकली, उद्या मोटरसायकली. नवी वाट दिसली की बुलेटवाले त्यात घुसतातच. यावर बंदीचा फलक पुरत नाही, दगड पुरतात. वाटेच्या तोंडाशी दोन मोठे धोंडे असे बसवायचे की मोळी वरून जाईल, सायकल उचलून नेता येईल, आणि पाच मणाची मोटरसायकल वळणार नाही. वळणंही अरुंद ठेवायची. नियम जमिनीतच खोदलेला असला की पाळायला पोलिस लागत नाही.

पण देखभाल कोण करणार, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि ‘आपल्याकडे काही टिकत नाही’ असं स्वतःच उत्तर देतो. दुसऱ्या शहराने हे म्हणावं, इंदुराने म्हणू नये. २०१७पासून स्वच्छतेत हे शहर पहिलं आलं ते कुठलं स्मारक बांधून आलं नाही. रोज सकाळी घरापुढे गाडी येते, गाणं वाजतं, ओला-सुका वेगळा घेते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. त्याच शहराने जुलै २०२४मध्ये एका दिवसात बारा लाखांहून जास्त रोपं लावून विक्रमही केला. मला त्या विक्रमापेक्षा कचऱ्याच्या गाडीचं कौतुक जास्त आहे. जंगलातल्या वाटेला त्या गाडीसारखी माणसं हवीत: ठरलेल्या दिवशी येणारी, न बोलावता येणारी. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी वाटेवरचा पाला झाडून मातीची रेघ उघडी केली तर तीच वाट लहान आगीला अडवते. बीट गार्डच्या हाताखाली माणसं किती कमी असतात ते मला ठाऊक आहे. क्लबाने एवढं काम दरवर्षी केलं तर वनखातं त्यांना अडवणार नाही, उलट शोधत येईल.

सुरुवात कशी करावी, तर नवी वाट काढून मुळीच नाही. वर सांगितलेली ती चोरल अलीकडची मोडकी ‘डाउनहिल’ घ्यावी. गावाच्या ठरावाने आणि खात्याच्या लेखी परवानगीने आधी ती बंद करावी: आडवे दगडी बांध घालून, लँटाना तोडून तिची झुडपं घळीत भरून, उघड्या मुळांवर माती ओढून. तिच्या बदल्यात डोंगराच्या अंगाअंगाने, मोळीसाठी खोबणी ठेवून, एकच वाट आखावी, सायकलींची आणि गावाची मिळून. एक पावसाळा ती कुणीही न चालवता पाहावी. ऑक्टोबरात नाकेदार, गावातले दोघे आणि क्लबातले दोघे असे पाच जण ती पायी फिरून ठरवतील की सायकल सोडायची की अजून दुरुस्ती हवी. दरवर्षी हेच. ज्या वर्षी वाट मोडलेली दिसेल त्या वर्षी ती बंद. तिकीट नाही, कमान नाही, प्रायोजकाचा फलक नाही.

क्लबाने श्रमदान करावं, गावाकडून मात्र श्रमदान मागू नये. गावातल्या माणसाने वाटेवर कुदळ मारली तर त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी क्लबाने द्यावी, कारण हौस क्लबाची आहे. भाच्याच्या मंडळींना सगळ्या अटींमध्ये हीच जास्त टोचली. पैसे कुठून आणायचे, म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने सायकलला नवा फोर्क बसवला होता. चांगला एअर फोर्क वीस-पंचवीस हजारांच्या खाली येत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. तेवढ्या रकमेत दोन माणसं पावसाळाभर दर आठवड्याला एक दिवस वाटेवर काम करू शकतात. मी हिशेब त्यांच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगितला आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मतदान घेणार आहेत म्हणे. भाचा कुणाच्या बाजूने हात वर करणार ते त्याने अजून सांगितलेलं नाही.